सीडी-फोर किती आला?

आपल्या बाराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर एक जनुक आहे. त्याच्या हुकमावरून शरीर ४५८ अमिनो आम्लांची एक साखळी तयार करतं. सुरुवातीचा २५ चा तुकडा पेशीच्या आतच छाटला जातो आणि उरलेलं प्रथिन काही ठरावीक पांढऱ्या पेशींच्या अंगावर जाऊन बसतं. जनुकाचं नाव सीडी-फोर, प्रथिनाचंही तेच. कॉलेजात जीवशास्त्र शिकणाऱ्या पोरांना हे नाव परीक्षेपुरतं माहीत असतं. आमच्या पांढरकवड्याच्या पट्ट्यात मात्र सही करता न येणाऱ्या बाया ते सराईतपणे उच्चारतात. दवाखान्याच्या बाकावर पदर सावरत एक दुसरीला हळूच विचारते, "तुहा सीडी-फोर किती आला वो?"

मी सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. यवतमाळ जिल्ह्याच्या या भागातून नागपूर-हैदराबाद हमरस्ता जातो. आता त्याला ४४ नंबर म्हणतात, जुनी माणसं अजून सात नंबरच म्हणतात. ट्रक, ढाबे, क्लिनर पोरं, हंगामाला परमुलखात जाणारे मजूर असं सगळं या रस्त्याला लागून आहे. एचआयव्ही आमच्याकडे याच रस्त्याने आला असं लोक बोलतात. मला त्या बोलण्यात रस नाही. मला त्या प्रथिनाविषयी सांगायचं आहे, कारण ते अंगावर असलेल्या पेशीच एचआयव्ही संपवतो, आणि त्या रक्तात किती उरल्या या आकड्यावर मी माणसांना हसताना, रडताना, घर सोडताना पाहिलं आहे, आणि ते मुळात काय आहे हे त्यांना कुणी नीट बसून सांगितलेलं नसतं.

ज्या पेशींवर हे प्रथिन असतं त्यातल्या मुख्य म्हणजे मदतनीस टी पेशी. शरीरात जंतू शिरला की काही पेशी त्याला गिळतात, चिरतात आणि त्याचा एक बारीक तुकडा आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवतात. मदतनीस पेशी येऊन तो तुकडा तपासते. तपासणारा भाग वेगळा. सीडी-फोर त्याच्या शेजारून पुढे सरून तुकडा मांडणाऱ्या रेणूला बाजूने धरतं. पकड सैलच असते, पण तेवढी पुरते. सीडी-फोरचं शेपूट पेशीच्या आत गेलेलं असतं आणि त्याला लागून एलसीके नावाचं विकर असतं. पकड बसली की ते विकर कामाला लागतं आणि पेशीच्या आत संदेश पोचतो की हा परका आहे. तिथून पुढे सगळा कारभार हलतो. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना सूचना जातात. टीबीचे जंतू पोटात घेऊन नुसत्याच बसलेल्या पेशींना ते मारायचं बळ येतं. मारेकरी पेशींची तयारी होते. मदतनीस पेशी स्वतः फारसं काही मारत नाही. वेचणीच्या टोळीची मुकादमीणही दिवसभरात फार कापूस वेचत नाही, पण ती आली नाही की पंधरा बाया धुऱ्यावर बसून राहतात आणि मालक नुसता ओरडत फिरतो.

ही मुकादमीण गेली की काय होतं ते मी पाहिलं आहे. आमच्याकडे पहिला घाला टीबी घालतो. मग तोंडात पांढरी बुरशी, महिनोन्‌महिने हगवण, आणि आकडा शंभराच्या खाली गेला की मेंदूच्या आवरणाला बुरशीची सूज. विषाणू स्वतः माणसाला क्वचितच मारतो. तो फक्त ती एक पेशी काढून घेतो.

आणि ती काढून घेण्याची त्याची रीत बघा. १९८४ मध्ये लंडन आणि पॅरिसच्या दोन गटांनी एकाच सुमाराला दाखवलं की विषाणू पेशीला जिथे धरतो ती जागा म्हणजे हेच सीडी-फोर. १९९८ मध्ये त्या पकडीचं अणूअणूचं चित्र हाती आलं. सीडी-फोरचा पेशीबाहेरचा भाग एकाखाली एक अशा चार घड्यांचा आहे. सगळ्यात वरच्या घडीवर ४३ व्या जागी फिनाइलअॅलनिन नावाचं अमिनो आम्ल बाहेर डोकावतं, आणि विषाणूच्या जीपी-१२० या प्रथिनात नेमकी त्याच्या मापाची खाच आहे. ते तिथे बसलं की विषाणूचं प्रथिन आकार बदलतं, मग पेशीवरचं सीसीआर-फाइव्हसारखं दुसरं प्रथिन धरतं, आणि विषाणू आत शिरतो. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या चित्राकडेच बघत होते. ज्या वरच्या घडीने आपण परक्याला ओळखतो, तिथेच परक्याने हात घातला.

त्याहून धक्कादायक गोष्ट पुढे आहे. आत शिरल्यावर विषाणू नेफ आणि व्हीपीयू अशी आपली दोन प्रथिनं वापरून त्या पेशीवरचं सीडी-फोर खाली ओढून नष्ट करून टाकतो. कारण साधं आहे. बाहेर पडणारे नवे विषाणू त्याच सीडी-फोरला चिकटून अडकले तर त्याचाच तोटा.

आता गावात काय बोललं जातं ते सांगते. "पापाचं फळ." "त्याच्या घराण्यातच वंगाळपणा." मी हे शब्द इतक्यांदा ऐकले आहेत की आता उत्तर तोंडपाठ झालं आहे. चिंपांझींमध्ये सीडी-फोरच्या त्या वरच्या घडीचे वेगवेगळे नमुने सापडतात, आणि त्यातले काही नमुने त्यांच्याकडच्या विषाणूला आत येऊ देत नाहीत. माणसात तसं नाही. आपल्याकडे ती घडी जवळपास सगळ्यांची सारखीच. पाटलाची तीच, कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या पोराची तीच, माझी तीच, नावं ठेवणाऱ्याचीही तीच. सीसीआर-फाइव्हचं जनुक मोडलेली काही माणसं युरोपात आहेत. दोन्हीकडून तसं जनुक मिळालेल्यांना विषाणूची लागण सहसा होत नाही. तसा बदल आपल्या लोकांत दुर्मीळच. म्हणजे आपण सगळे एकाच वाटेने उघडे आहोत. यात कुणाच्या घराण्याचा काय संबंध?

आता त्या आकड्याबद्दल.

रक्त मी जांभळ्या झाकणाच्या नळीत घेते. आत रक्त गोठू न देणारं औषध असतं. नळी भरली की हलकेच आठ-दहा वेळा उलटसुलट करायची; जोरात हलवली की पेशी फुटतात. मग चिठ्ठी, त्यावर क्रमांक, वेळ. ही नळी फ्रीजमध्ये ठेवायची नसते, खोलीच्या तापमानाला ठेवायची असते, असं प्रशिक्षणात सांगतात. प्रशिक्षणातली खोली वीस-पंचवीस अंशांची असते. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस आणि वीज गेली की आतही फार कमी नाही. म्हणून डब्यात थंड पॅक ठेवायचा, पण तो कागदात गुंडाळून, नळीला टेकू न देता. पेशींना गारठा चालत नाही आणि ऊनही चालत नाही, आणि मोजायच्या तर जिवंत असतानाच मोजायच्या असतात. सकाळचं रक्त जिल्ह्याला जाणाऱ्या गाडीत दुपारच्या आत गेलं पाहिजे यासाठी आमचा शिपाई ज्या तळमळीने धावतो, ती तळमळ कुठल्याच अहवालात दिसत नाही.

तिकडच्या यंत्रात रक्तात प्रतिपिंडं मिसळतात. ती फक्त सीडी-फोरलाच चिकटतात आणि त्यांना चमकणारा रंग लावलेला असतो. पेशी बारीक धारेतून ओळीने लेसरसमोरून जातात, जी चमकली ती मोजली जाते. एकाच गोष्टीला चिकटणारी अशी प्रतिपिंडं हवी तितकी बनवायची युक्ती कोलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये काढली आणि तिचं पेटंट घेतलं नाही. १९८२ मध्ये पॅरिसला जमून शास्त्रज्ञांनी अशा प्रथिनांना क्रमांक वाटले, त्यात आपल्या प्रथिनाच्या वाट्याला चार आला. तो चार आज आमच्या तालुक्यातल्या बायांच्या तोंडी आहे, याची त्या सभेत बसलेल्यांना कल्पनाही नसेल.

निरोगी मोठ्या माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात अशा पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. मायक्रोलिटर म्हणजे टाचणीच्या टोकावर मावेल इतकं रक्त. "मॅडम, दोनशे म्हन्जे पास का नापास?" हा प्रश्न मला पहिल्यांदा एका म्हाताऱ्या सासूने विचारला. तिची सून आत बाळंतपणाची वाट बघत होती. मागच्या वेळेस साडेतीनशे, आता तीनशेच्या आत. सासूला वाटलं सून गोळ्या फेकून देते. मी तिला समजावलं की गरोदरपणात रक्तात पाणी वाढतं, त्यामुळे तितक्याच पेशी पातळ झाल्यासारख्या दिसतात. बाईने ऐकून घेतलं, आणि मग सुनेला चहा आणून दिला. बाकी काही बोलली नाही.

हा आकडा किती हलतो हे लोकांना सांगायला पाहिजे. सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. साधा ताप येऊन गेला तरी खाली. लहान मुलांत तो मुळातच मोठा असतो, म्हणून पाच वर्षांच्या आतल्या पोरांत आकड्याऐवजी टक्के बघतात. शिवाय रक्तात असतात त्या या पेशी शरीरातल्या एकूण साठ्याच्या जेमतेम दोन टक्के. बाकीच्या गाठींत, प्लीहेत, आतड्याच्या अस्तरात. विषाणूचा मोठा घाव लागणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आतड्यातच बसतो. त्या वेळी माणसाला ताप येऊन गेल्यापलीकडे काही कळतही नाही. म्हणजे मी काढलेल्या नळीत दिसतो तो फार लहान हिशेब. तरीही त्या हिशेबावर वर्षानुवर्षं माणसांचं आयुष्य ठरत होतं.

कसं, ते एका मावशीच्या गोष्टीतून सांगते. तिला विचारून, ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे. तिचा नवरा ट्रकवर होता. सरकारने मोफत औषधं १ एप्रिल २००४ ला सुरू केली, तीही आधी मोजक्याच शहरांत. तिचा नवरा त्याच्या आदल्या वर्षी गेला. पुढे तिची तपासणी झाली, ती पॉझिटिव्ह निघाली आणि सीडी-फोर आला २६० च्या आसपास. तेव्हा औषध सुरू करायची रेषा २०० ची होती. औषधं कमी, रुग्ण भरपूर, म्हणून ज्याचा आकडा सगळ्यात खाली त्याला आधी. तिला सांगण्यात आलं, तुमचा आकडा चांगला आहे, सहा महिन्यांनी या. ती घरी गेली, मजुरीला लागली, आणि देवाजवळ तिने काय मागितलं ते तिनेच मला सांगितलं: "मॅडम, मी म्हनो, बाप्पा, मायी सीडी-फोर पडू दे, म्हन्जे गोया भेटतीन."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. स्वतःची शक्ती घटावी म्हणून नवस बोलावा लागणं यात तिचा दोष नव्हता, रेषा आखणाऱ्यांचाही पूर्ण दोष नव्हता. पण ती रेषा चूक होती, हे पुढे सिद्ध झालं. २०११ मध्ये एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की जोडप्यातल्या एकाला लागण असेल आणि त्याला औषध लवकर दिलं तर दुसऱ्याला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो. त्या अभ्यासात पुण्या-चेन्नईची जोडपीही होती. २०१५ मध्ये ३५ देशांतल्या ४,६८५ माणसांवरच्या दुसऱ्या अभ्यासाचा निकाल आला: आकडा ५०० च्या वर असतानाच औषध सुरू केलं तर गंभीर आजारपण किंवा मृत्यूचा धोका निम्म्याहून कमी होतो. आपल्याकडे रेषा २०० वरून ३५० वर गेली, मग ५०० वर, आणि २०१७ मध्ये पुसून टाकली. आता तपासणीत आला की औषध, आकडा कितीही असो. हा निर्णय झाला त्या दिवशी आमच्या दवाखान्यात काही समारंभ झाला नाही. पण माझ्या नोकरीतला तो सगळ्यात मोठा दिवस होता असं मी मानते.

मावशीला गोळ्या मिळाल्या त्या आकडा २०० च्या खाली उतरल्यावर, टीबी होऊन गेल्यावर. जगली. टीबीच्या औषधांवर आणि सकाळ-संध्याकाळच्या जुन्या गोळ्यांवर तिने मळमळ सोसली, पाय बधिर झालेले सोसले. आता सगळ्यांसारखी रोज एक गोळी घेते. दवाखान्याच्या नोंदींचं हिरवं पुस्तक तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी ठेवते, कारण नातसुनेला माहीत नाही. वस्तीत एकदा बातमी फुटली होती. कुठल्या तरी खासगी तपासणीच्या जागी तिचा कागद उघडा पडला आणि पंधरा दिवसांत हातपंपावर तिच्या घागरीआधी कुणी घागर लावेना, नंतरही लावेना. तेव्हा कायदा नव्हता. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. आता कुणाची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला कायद्याने मनाई आहे, आणि त्यावरून कामावरून काढणं, दवाखान्यात नाकारणंही बेकायदा. मी प्रत्येक नव्या माणसाला हे सांगते. पहिल्या दिवशी त्याच्या डोक्यात काही शिरत नाही, म्हणून दुसऱ्या खेपेला परत सांगते.

या प्रथिनाला हाताशी धरून उपाय काढायचेही प्रयत्न झाले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सीडी-फोरचे सुटे तुकडे रक्तात सोडून विषाणूला भुलवायचं ठरलं. प्रयोगशाळेत जमलं, माणसात फसलं. २०१८ मध्ये अमेरिकेत इबालिझुमॅब नावाच्या प्रतिपिंडाला मान्यता मिळाली. ते सीडी-फोरच्या दुसऱ्या घडीला जाऊन बसतं, विषाणूला आत जाऊ देत नाही आणि पेशीचं रोजचं काम मात्र फारसं अडवत नाही. बाकी सगळी औषधं हरली अशा मोजक्या रुग्णांसाठी ते आहे. आणि २०१९ मध्ये डॉक्टरांनी एका बाईची नोंद केली, जिच्या दोन्ही प्रतींत हे जनुक बिघडलेलं होतं. पेशींवर सीडी-फोर अजिबात नाही. तिला हट्टी चामखिळींचा त्रास होता, पण ती जगत होती. शरीराने इतर पेशींकडून थोडंफार काम भागवून घेतलं होतं. मला ही नोंद वाचून फार बरं वाटलं. एखादी गोष्ट जन्मापासूनच नसणं आणि ती भर आयुष्यात हिरावून नेली जाणं, यात शरीरालाही फरक पडतो.

आजकाल सीडी-फोरचं महत्त्व आमच्या कामात कमी झालं आहे. आता औषध लागू पडतंय की नाही ते व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तात विषाणू किती यावरून बघतात. विषाणू दबलेला असेल आणि सीडी-फोर ३५० च्या वर टिकलेला असेल तर तो पुन्हा पुन्हा मोजायची गरज नाही. नवीन येणाऱ्यांचा मात्र मोजावाच लागतो, कारण आमच्याकडे माणसं अजूनही उशिरा येतात. दिवाळीनंतर कामाला जातात, खोकला अंगावर काढतात, आणि पेरणीला परत येतात तेव्हा आकडा ८०, ६०, कधी त्याहूनही खाली. अशा माणसाच्या टीबीच्या आणि बुरशीच्या तपासण्या त्याच दिवशी व्हायला लागतात. तिथे हा आकडा अजून जीव वाचवतो, म्हणून यंत्र बंद पडलं, किट संपल्या, असं ऐकलं की माझा पारा चढतो.

मावशी मागच्या खेपेला आली तेव्हा हात पुढे करूनच बसली. मी म्हटलं, मावशी, यावेळेस सीडी-फोर नाही, नुसता व्हायरल लोड.

"काऊन? मायं काही चुकलं का?"

"काही नाही चुकलं. तुमचा आकडा चारशेच्या वर आहे, विषाणू सापडतच नाही. आता तो मोजायची गरज नाही."

तिला ते पटलं नाही. इतकी वर्षं ज्या आकड्यासाठी ती एसटीचा धक्का खात आली, तो आता कुणी विचारणारच नाही म्हणे. "माया आकडा मायाच हाय नं," ती म्हणाली, "मंग मले सांगाले काय जाते?" मी तिला व्हायरल लोडचा कागद वाचून दाखवला, त्यावरची ओळ बोट ठेवून समजावली. विषाणू असा दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही, हेही सांगितलं. विधवा बाईला हे कशाला, असं माझ्या शेजारच्याला वाटलं असेल, पण सांगितलं. तिने ऐकलं, कागद घडी करून हिरव्या पुस्तकात ठेवला आणि म्हणाली, बरं, पण पुढच्या टायमाले दोन्ही करजा.